घर घेणाऱ्याचा आप्त

मध्यमवर्गीय मनुष्याच्या आयुष्यात घराच्या खरेदीएवढा मोठा व्यवहार बहुधा दुसरा येत नाही. आणि तरीही, ज्या वस्तूपायी तो आपली पुढील वीसपंचवीस वर्षांची कमाई बँकेकडे बांधून टाकण्यास सिद्ध होतो, त्या वस्तूविषयी त्यास स्वतःच्या डोळ्यांनी कळू शकते ते इतके थोडे असते, की शांतपणे विचार करू लागल्यास मन चकित होते. भिंती दिसतात, खिडकीतून येणारा उजेड दिसतो, स्वयंपाकघराचा ओटा दिसतो. परंतु त्या जमिनीच्या मूळ मालकाच्या बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिले होते की नाही, इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे की ते ‘मिळेलच’ म्हणून सांगितले जात आहे, सध्याच्या मालकाचे कर्ज फिटले की त्याचा बोजा अद्याप शिल्लक आहे, वैशाखात किती टँकर मागवावे लागतात, वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचे पाणी कोणत्या भिंतीत मुरते, यांपैकी एकही गोष्ट दोन वेळा घर पाहून आलेल्या मनुष्याच्या दृष्टीस पडत नाही. या सर्व गोष्टी त्यास कोणीतरी सांगतो, आणि त्या सांगण्यावर विसंबून तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा उमटवतो.

घर घेताना भरवशाचा एजंट कसा शोधावा, हा प्रश्न सामान्यतः व्यवहारचातुर्याचा मानला जातो आणि चार अनुभवी माणसांच्या सल्ल्याने तो निकालात काढला जातो. माझ्या मते त्याचे मूळ प्रमाणशास्त्रात आहे. दुसऱ्याच्या शब्दापासून मला जे ज्ञान होते ते ज्ञान या नावास कोणत्या अटींवर पात्र ठरते, हा त्यातील पहिला प्रश्न. आणि माझ्या होकारावर ज्याची मिळकत अवलंबून आहे असा मनुष्य मला सत्य सांगू शकेल काय, व त्याने ते सांगावे अशी अपेक्षा बाळगण्यासाठी माझ्याकडून काय घडले पाहिजे, हा त्यास लागून येणारा धर्माचा प्रश्न. या दोन्ही प्रश्नांवर आपल्याकडील शास्त्रकारांनी पुष्कळ खोल विचार करून ठेवलेला आहे, आणि तो घराच्या खरेदीसारख्या ऐहिक बाबीस लावण्यात त्या विचाराची अप्रतिष्ठा होते असे मला वाटत नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीस शब्द हे चौथे प्रमाण बसविले, आणि शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश असा त्याचा अर्थ केला. मग आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनाने याचे दिलेले उत्तर विलक्षण संयमाचे आहे. ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणलेली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास कळावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. एवढेच म्हणून तो थांबत नाही. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असे तो मुद्दाम नमूद करतो. याउलट चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आप्ताचे जे वर्णन आहे ते तपाने व ज्ञानाने रज आणि तम यांच्या पलीकडे गेलेल्या शिष्टांचे, ज्यांच्या वचनात संशयाला जागाच उरत नाही अशा पुरुषांचे आहे. एका व्याख्येत मनुष्याचे संपूर्ण चारित्र्य तोलले जाते. दुसरीत त्या विशिष्ट विषयापुरते त्याचे ज्ञान आणि त्या विशिष्ट प्रसंगापुरता त्याचा हेतू एवढेच तपासले जाते.

घर शोधण्यास निघालेली आपली माणसे, नकळत का होईना, चरकाचा आप्त शोधीत असतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे बहुतेक फसगतींचा उगम येथेच आहे. ‘अगदी देवमाणूस आहे हो,’ ‘आमच्याच गावचे आहेत,’ ‘मामांच्या चांगल्या ओळखीचे, दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भेटतात,’ अशा शिफारशींवर लाखो रुपयांचा बयाणा हातावर ठेवला जातो. या शिफारशी खोट्या असतात असे नाही. तो मनुष्य खरोखरच भाविक असेल, संकटात धावून येणारा असेल. परंतु त्याने त्या इमारतीचा मंजूर नकाशा पाहिला आहे काय, सूची क्रमांक दोनवरील नाव आणि विक्रेत्याचे नाव ताडून पाहिले आहे काय, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या भाविकपणात नसतात. सज्जन परंतु अजाण मध्यस्थाने निष्पाप मनाने केलेले नुकसान कपटी मध्यस्थाने केलेल्या नुकसानापेक्षा रुपयाभरानेही कमी भरत नाही, आणि त्याच्यावर रागावण्याची सोयही उरत नाही. वात्स्यायनाने पहिली अट ज्ञानाची घातली आणि हेतूची नंतर, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो.

हे साक्षात ज्ञान कसे दिसते ते सांगण्यासाठी पुण्यातील एका एजंटाची कार्यपद्धती येथे नोंदवतो. कोथरूड आणि कर्वेनगर या भागाबाहेरचे काम ते घेत नाहीत. विचारल्यास ‘तिकडचं मला कळत नाही’ असे सरळ सांगतात. जुन्या सदनिकेचा व्यवहार असला, म्हणजे ग्राहकाला घर आवडल्याबरोबर ते त्यास भावाच्या बोलणीस बसवीत नाहीत, तर गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीत नेतात आणि विक्रेत्याला त्याचा भागदाखला आणावयास सांगतात. एकदा माझ्या देखत त्यांनी तो कागद हाती येताच उलटा केला. समोरची बाजू शोभेची असते, पाठीमागे सभासदत्वाच्या हस्तांतराच्या नोंदी असतात. ‘साहेब, हे मागचं पान बघा,’ ते म्हणाले, ‘इथं अजून यांच्या वडिलांचंच नाव आहे.’ विक्रेत्याने घाईघाईने नामनिर्देशनाचे पत्र पुढे केले; वडिलांनी त्यासच नॉमिनी नेमले होते. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, वडिलांमागे वारस किती ते पाहावे लागेल, हे त्या एजंटाने विक्रेत्याचा यत्किंचितही उपमर्द न करता समजावून सांगितले. आणि बाहेर आल्यावर ग्राहकास म्हणाले, ‘यांना एक बहीण आहे. तिची सही झाल्याशिवाय इसार देऊ नका. ती करते म्हणाली तर थांबू, नाहीतर हे घर सोडून द्या.’ ग्राहकाच्या पत्नीस त्या घराची गच्ची फार आवडली होती आणि दोघांच्याही चेहऱ्यावर निराशा उघड दिसत होती. त्या व्यवहारात एजंटास काही मिळाले नाही.

हेतूच्या अटीकडे वळताना रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील एक हकिकत सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण घर विकत घेणाऱ्याच्या अडचणीचे इतके यथातथ्य चित्र मी अन्यत्र पाहिलेले नाही. कॅनियस नावाचा एक रोमन गृहस्थ विश्रांतीसाठी सिराक्यूज येथे गेला असता, मित्रांना बोलावता येईल अशी एखादी बाग आपणास विकत हवी आहे असे तो बोलू लागला. पिथियस नावाच्या तेथील सावकाराने त्यास, बाग विकाऊ नाही परंतु ती आपलीच समजा, असे म्हणून दुसऱ्या दिवशी भोजनास बोलाविले. आणि इकडे कोळ्यांना बोलावून, उद्या माझ्या बागेसमोरच मासे धरा, अशी तजवीज केली. कॅनियस येऊन पाहतो तो समोर होड्यांची गर्दी, आणि प्रत्येक कोळी आपले मासे आणून पिथियसाच्या पायाशी टाकीत आहे. हे काय म्हणून विचारता, सिराक्यूजमधील सारे मासे याच जागी मिळतात, असे उत्तर मिळाले. कॅनियसास मोह आवरेना. त्याने आर्जव करून, मागितलेली किंमत देऊन, सामानसुमानासकट ती बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन तो लवकर येतो, तर एकही होडी नाही. शेजाऱ्यास त्याने विचारले, की आज कोळ्यांचा काही सण आहे काय? शेजारी म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे येथे कोणी मासे धरीत नाही; काल काय झाले याचेच मला आश्चर्य वाटत होते.

या हकिकतीत पिथियस बोलला थोडे. बहुतेक काम होड्यांनी केले. आजही घर विकणारा फारसे असत्य बोलत नाही. ओल आलेल्या भिंतीस नवा रंग दिलेला असतो, घर दाखविण्याची वेळ नळास पाणी असते तीच ठरविलेली असते, शेजारच्या मोकळ्या भूखंडावर बारा मजले मंजूर झाले आहेत ही गोष्ट कोणी विचारीत नाही म्हणून कोणी सांगत नाही. कॅनियसाची फसगत टाळण्यास कायद्याची नव्हे, त्या शेजाऱ्याच्या एका वाक्याची आवश्यकता होती, आणि ते वाक्य त्याने विकत घेतल्यानंतर ऐकले. घर घेणाऱ्याच्या एजंटाचे सारे प्रयोजन माझ्या मते एवढ्यात सामावलेले आहे, की शेजाऱ्यास आदल्या दिवशी विचारणारा कोणीतरी असावा. आपल्या प्राचीन राज्यव्यवस्थेने हे काम एकट्यादुकट्याच्या चातुर्यावर सोडले नव्हते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तूच्या विक्रीची जी रीत घालून दिली आहे तीत आप्तेष्ट, शेजारी आणि धनको यांचा खरेदीचा हक्क क्रमाने आधी मानला आहे, आणि शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष, त्या घरासमोर, सीमा व किंमत पुकारून तीन वेळा घोषणा व्हावी, कोणी हरकत न घेतल्यास मगच घेणाऱ्याने घ्यावे, असे म्हटले आहे. आज वकील वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन ठरावीक मुदतीत हरकती मागवितात, ती त्या घोषणेचीच क्षीण परंपरा म्हणता येईल; परंतु ती नोटीस वाचणारी चाळीस कुळे आता कोठे आहेत? परक्या शहरात, परक्या पेठेत घर घेणाऱ्यासाठी त्या चाळीस कुळांची जागा एकट्या एजंटास भरून काढावयाची असते, आणि त्या चाळीस कुळांस दलाली मिळत नव्हती.

येथे अडचणीचा गाभा येतो. एजंटास मोबदला मिळतो तो व्यवहार झाला तर. आणि शेकड्याने मिळत असल्यामुळे, किंमत जितकी अधिक तितका तो अधिक. लोक या दुसऱ्या गोष्टीस फार भितात, परंतु हिशेब करून पाहता ती भीती अनाठायी ठरते. एक कोटीच्या घरावर शेकडा एक या दराने लाख रुपये मिळावयाचे, आणि एजंटाने घासाघीस करून पाच लाख कमी करविले तर त्याचे स्वतःचे पाच हजार जातात. एवढ्यासाठी आपले नाव खराब करून घेणारा एजंट विरळा. खरा मोह किमतीचा नसून व्यवहार पार पडण्याचा आहे, कारण तो न झाल्यास लाखाच्या जागी शून्य येते. गीतेतील फलत्यागाचा उपदेश येथे ऐकवणे सोपे आहे, परंतु ज्याचे वेतन महिन्याच्या पहिल्या तारखेस बिनबोभाट जमा होते त्याने, ज्याची चूल व्यवहार झाल्यावरच पेटते त्यास निष्काम होण्यास सांगावे, यात मला न्याय दिसत नाही. फलाची इच्छा असूनही सत्य बोलणे शक्य आहे. वैद्य, वकील आणि शिक्षक हे सर्व जण मोबदला घेऊनच आपणांस अप्रिय गोष्टी सांगत असतात. मात्र अप्रिय गोष्ट सांगितल्याबद्दल त्यांचा मोबदला बुडत नाही, आणि एजंटाचा बुडतो, हा भेद मान्य केलाच पाहिजे.

याहून अवघड गाठ दोन्हीकडून दलाली घेण्याच्या प्रथेची आहे. विकणाऱ्याकडून शेकडा एकदोन आणि घेणाऱ्याकडूनही तितकेच, ही आपल्याकडील सर्रास रीत. आणि पुण्यामुंबईतील नव्या प्रकल्पांत तर ‘चॅनल पार्टनर’ म्हणविणारा एजंट आपली सर्व दलाली बिल्डरकडून घेतो व ग्राहकास ‘तुम्हाला काही द्यायचं नाही’ असे सांगतो. ग्राहक ते ऐकून संतुष्ट होतो. वास्तविक या वाक्याने त्यास सावध केले पाहिजे, कारण ज्याचा मोबदला आपण देत नाही तो आपले काम करीत नसून आपल्यावर काम करीत आहे. दोन्ही पक्षांचा मी सारखाच हितचिंतक, असे म्हणणारा मध्यस्थ आपल्या समर्थनार्थ महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधाराचे उदाहरण देऊ शकेल. जटेत पक्ष्यांनी घरटे बांधेपर्यंत निश्चल उभे राहून तप केलेल्या जाजली मुनीस ज्याच्याकडे धर्म शिकावयास जावे लागले, तो काशीचा वाणी तुलाधार आपल्या तराजूचे समत्व हाच आपला धर्म म्हणून सांगतो. बाजारात बसूनही मनुष्य धर्मिष्ठ राहू शकतो, इतकेच नव्हे तर मुनीचा गुरू होऊ शकतो, ही त्या आख्यानाची थोरवी मला शिरोधार्य आहे. तथापि तुलाधाराचा तराजू मालाचे वजन करीत होता. किमतीच्या वाटाघाटीत एकाचा प्रत्येक रुपया दुसऱ्याच्या खिशातून येत असल्यामुळे तेथे तराजू मध्यावर धरता येत नाही. म्हणून घर घेणाऱ्याच्या एजंटाने सत्याच्या बाबतीत दोघांशी समान असावे आणि प्रयत्नाच्या बाबतीत एकाचाच असावे. विकणाऱ्याशी त्याने एक शब्दही खोटा बोलता कामा नये. परंतु शेजाऱ्यास विचारण्याची धडपड त्याने घेणाऱ्यासाठीच केली पाहिजे. उघडपणे घेतलेल्या पक्षात अधर्म नाही. लपविलेल्या पक्षात आहे.

हा विवेक आपल्या कायद्यातही उतरलेला आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या दहाव्या प्रकरणात मुखत्यार, म्हणजे एजंट, आणि मालक, म्हणजे त्यास काम सांगणारा, यांच्या संबंधाचा विचार असून, त्यातील २१६ व्या कलमाखालील दृष्टांत नेमका घराचाच आहे: अमुक घर माझ्यासाठी घे असे सांगितलेल्या मनुष्याने ‘ते घर मिळत नाही’ असे खोटे सांगून ते स्वतःच घेतले, तर उघडकीस आल्यावर मालकास ते घर त्याच किमतीत त्याच्याकडून मागून घेता येते. मात्र मला अधिक विचारप्रवर्तक वाटते ते २२९ वे कलम. मालकाच्या कामात असताना मुखत्यारास जी माहिती मिळते, ती मालकाच्या व तिसऱ्या पक्षाच्या परस्परसंबंधांत, मालकासच मिळाली असे कायदा धरतो. म्हणजे आपला एजंट त्या घरावरील बोजा जाणत असला आणि त्याने तो आपणांस सांगितला नाही, तरी ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव आपणांस सहज मिळावयाचा नाही. शब्दप्रमाणाने दोन मनुष्यांची ज्ञाने जोडली जातात असे नैयायिक म्हणतात. कायदा तर ती एकच समजतो. ज्याचे अज्ञान आपले अज्ञान होते आणि ज्याचे मौन आपल्याच अंगावर येते, त्याची निवड एका दूरध्वनीवर करणे किती धाडसाचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, ज्यास सर्व जण रेरा म्हणतात, एजंटांची नोंदणी सक्तीची केली. महारेराने २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षा यांची भर घातली. इंग्रजी ‘ए’ अक्षराने सुरू होणारा एजंटाचा नोंदणी क्रमांक कोणासही तपासून पाहता येतो. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील व्यवहारांपुरती आहे, जुन्या इमारतीतील सदनिकेच्या फेरविक्रीस ती पोहोचत नाही. शिवाय तो क्रमांक असलेला एजंट कोणाचा, बिल्डरचा की आपला, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. अमेरिकेत हाच घोळ कित्येक दशके चालला. घर दाखवीत हिंडणारा ब्रोकर आपलाच आहे असे घेणाऱ्यास वाटे, आणि रीतीप्रमाणे तो विकणाऱ्याचा उपमुखत्यार असे. घेणाऱ्याचा स्वतंत्र एजंट तेथे पुढे रूढ झाला तरी त्याचा मोबदला विकणाऱ्याच्याच दलालीतून निघत राहिला. अखेरीस मिसुरीतील संघीय न्यायालयात ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्यूरीने या पद्धतीविरुद्ध कौल दिला, आणि त्यानंतर झालेल्या तडजोडीप्रमाणे १७ ऑगस्ट २०२४ पासून, घर दाखविण्यापूर्वीच एजंटाने घेणाऱ्याशी लेखी करार करावा व आपला मोबदला त्यात निश्चित आकड्यात नमूद करावा, असा नियम झाला. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात घर पाहणाऱ्या मराठी कुटुंबांस आता पहिल्या भेटीतच हा कागद समोर येतो, आणि सही मागितल्याचा त्यांस कधी कधी राग येतो. मला तो कागद आपल्याकडे यावासा वाटतो.

तथापि कागद झाला तरी मनुष्य पारखण्याचे काम राहतेच, आणि येथे नैयायिकांचा एक युक्तिवाद मला अत्यंत उपयुक्त वाटतो. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, बाधा येईपर्यंत ते मानावे, हा मीमांसकांचा पक्ष. ते अन्य साधनाने ठरवावे लागते, हा नैयायिकांचा. मग वेदातील अदृष्ट गोष्टींवर विश्वास का ठेवावा, या प्रश्नास न्यायसूत्रांनी उत्तर दिले, की मंत्र आणि आयुर्वेद यांचे फळ जसे पडताळून पाहता येते, आणि त्यावरून ते सांगणाऱ्याचे आप्तत्व जसे सिद्ध होते, त्याच न्यायाने न पडताळता येणाऱ्या भागातही त्यास मानावे. एजंट पारखण्याची याहून निर्दोष रीत मला ठाऊक नाही. ज्या गोष्टीचे उत्तर आपण स्वतंत्रपणे आधीच मिळवले आहे ती त्यास अजाण असल्याप्रमाणे विचारावी: या रस्त्यावर पावसाळ्यात पाणी किती तुंबते, या इमारतीत गेल्या वर्षी काय भावाने घर विकले गेले, खालची पार्किंगची जागा संस्थेने दिली आहे की बिल्डरने चिठ्ठीवर लिहून दिली आहे. तो जे सांगतो ते पडताळ्यास उतरले, आणि विशेषतः त्यास जे ठाऊक नव्हते तेथे त्याने ‘विचारून सांगतो’ असे म्हणून खरोखरच विचारून सांगितले, म्हणजे जे आपणांस पडताळता येत नाही तेथे त्याच्या शब्दास वजन येते. त्याने ज्यांना घर घेऊ दिले नाही अशा ग्राहकांचा पत्ता मागावा; ज्यांना घरे मिळवून दिली त्यांच्या स्तुतीपेक्षा तो अधिक बोलका ठरतो. आणि तीस वर्षांचा शोध अहवाल मात्र स्वतंत्र वकिलाकडूनच घ्यावा, एजंटाने सुचविलेल्या वकिलाकडून नव्हे. यात अविश्वास नाही. आप्ताचे आप्तत्व त्याच्या विषयापुरते असते, आणि दस्तऐवजांचे शास्त्र हा दुसऱ्याचा विषय आहे.

आता घेणाऱ्याच्या धर्माविषयी. एजंटांच्या लबाडीवर बोलणारी पुष्कळ माणसे भेटतात, परंतु एजंटास लबाडी शिकविणाऱ्या ग्राहकांविषयी फारसे कोणी बोलत नाही. एकाच वेळी चार एजंटांस कामास लावायचे, चौघांनाही ‘तुम्हीच बघा’ असे म्हणायचे. एकाने महिनाभर हिंडून दाखविलेले घर त्यास वगळून मालकाशी परस्पर ठरवायचे. आपली खरी ऐपत त्याच्यापासून लपवायची. खरेदीखतात आकडा कमी दाखवून उरलेली रक्कम रोखीने देण्याची सोय त्यानेच करावी म्हणून त्यास गळ घालायची, या सर्व गोष्टी सभ्य घरांतून बिनदिक्कत घडतात. विकणाऱ्याची अडचण हेरून, त्यास हॉस्पिटलच्या खर्चासाठी तातडीने पैसे हवे आहेत हे काढून घेऊन, त्यास पाडून मागणाऱ्या एजंटाचे आपण कौतुक करतो. आणि तोच मनुष्य उद्या आपली अडचण दुसऱ्या पक्षास विकील याचा विचार करीत नाही. सिसेरोनेच सांगितले आहे, की क्विंटस स्कायव्होला या रोमन विधिज्ञाने एक जमीन घेताना एकच निश्चित किंमत सांगावयास लावली, आणि ती ऐकल्यावर ‘मला तिची किंमत याहून अधिक वाटते’ असे म्हणून एक लक्ष सेस्टर्स वाढवून दिले. एवढे औदार्य कायदा कोणाकडूनही मागत नाही. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने, विकणाऱ्याने आपल्या मिळकतीतील गुप्त दोष सांगावा एवढेच म्हटलेले नाही; विकणाऱ्याच्या हक्काविषयी जी गोष्ट त्याची त्यासच ठाऊक नाही आणि जिच्यामुळे किंमत पुष्कळ वाढते, ती घेणाऱ्यास ठाऊक असल्यास त्यानेही सांगितली पाहिजे, असे म्हटले आहे. सत्याचे हे दुहेरी बंधन ज्यास मान्य आहे, त्याच्याशीच सत्यवचनी मध्यस्थाचे पटते. वात्स्यायनाच्या लक्षणात ऐकणाऱ्याविषयी काही नाही, आणि ती उणीव मला जाणवते; कारण जसे आहे तसे सांगावे अशी इच्छा बोलणाऱ्याच्या मनात टिकून राहण्यास, ऐकणाऱ्याने एकदोनदा तरी अप्रिय उत्तर शांतपणे ऐकून घेतलेले असावे लागते. गच्ची आवडली म्हणून वारसाच्या सहीचा विषय काढणाऱ्यावर जो चिडतो, त्यास पुढच्या खेपेस तो विषय कोणी सांगणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की पहिले घर पाहण्यापूर्वीच एजंटाशी लेखी ठराव करावा, आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात: तो विकणाऱ्याकडून किंवा बिल्डरकडून काही घेणार आहे काय, घेणार असल्यास किती; व्यवहार झाल्यास आपण त्यास काय देऊ, शक्य तो शेकड्याने नव्हे तर ठोक रकमेत; आणि एखादे घर त्याने तपासून ‘घेऊ नका’ असे कारणासह सांगितले, तर त्या तपासाचे म्हणून आपण त्यास काय देऊ. ही तिसरी बाब आपल्याकडे अजून कोणी लिहीत नाही, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिने ‘नाही’ म्हणण्याची किंमत त्या गरजू मनुष्याच्या खिशातून न जाता, ज्याचे घर वाचले त्याच्या खिशातून जाते. रक्कम फार मोठी लागत नाही. वकिलाच्या शोध अहवालास आपण जे देतो त्या बेताची ती असावी. काही एजंट यास नकार देतील, काही हा ग्राहक किचकट आहे असे समजून फिरकणार नाहीत. एखादा मात्र कागद पुन्हा एकदा वाचून विचारील, की भर पावसात घर पाहण्याचा खर्चही यात धरायचा काय. त्यास बसवून घ्यावे आणि धरू म्हणून सांगावे.